इस्कूलच्या टाळ्या किती

आज भाकरी थापताना तांदळाचं पीठ नाकात गेलं आणि विक्रोळीच्या चाळीतली खोली आठवली. ऐंशीच्या पुढची गोष्ट, साल नक्की ठाऊक नाही. बायको बालवाडीत पोरांची शी-शू काढायची. तिथली टीचर लग्न करून गेली, तेव्हा मोठ्या बाई हिला म्हणाल्या, उद्या इंग्रजी शब्द तोडून टाळ्या वाजवून दाखव, यमकाचे शब्द जुळवून दाखव, जमलं तर वर्ग तुझा. शब्दाच्या एका तुकड्याला एक टाळी. ही भाकऱ्या सोडून पिठाच्या हातांनीच सुरू झाली. टे-बल, दोन टाळ्या. बट-र, दोन. कॅटला जुळणारा बॅट. सगळ्या खोलीत पीठ उडालं. मग म्हणाली, "स्कूल. एक टाळी." मी म्हटलं, "एक कशी गं? इस्-कूल. दोन झाल्या ना." तिनं म्हणून बघितलं, तर दोनच. "अहो, पण बाई एकच म्हणाल्या!" "बाईंची जीभ वेगळी असेल." "तुम्ही गप बसा, तुमचं इंग्रजी बिडीच्या बंडलावरचं!" बोलली खरी, पण चेहरा उतरला. मीही म्हणत बसलो, स्कूल, इस्कूल, सकूल. डोकं पार फिरलं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटून एकच टाळी वाजवली आणि वर्ग मिळाला. घरी येऊन हसत म्हणाली, "अहो, मी इस्कूलात टीचर झाले!" मी म्हटलं, "बघ, दोनच." आता ती गेली. एक की दोन, मला अजून कळलेलं नाही. नात इंग्रजी शाळेत जाते, ती सांगेल, पण तिला विचारत नाही. हे भांडण माझं बायकोशी होतं.