आधी गोष्ट, मग गाईड

शाल, श्रीफळ, आणि वर 'आमचे लाडके शंकरमामा' असं भाषण! दोन हजार आठ सालच्या डिसेंबरात शिरूरच्या आमच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. त्यात ग्रंथालय परिचर शंकरराव यांचा पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल सत्कार ठेवला होता. मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. भाषण करणारे गृहस्थ आमचे जुने इंग्रजीचे विभागप्रमुख, आता प्राचार्य. सात वर्षांपूर्वी याच माणसानं शंकररावांना जन्मभर परिचर ठेवायची व्यवस्था केली होती, आणि आज तोच त्यांच्या 'निष्ठेचं' कौतुक करत होता. जनाची नाही तर मनाची तरी असावी!

शंकरराव मूळचे केंदूरचे. बारावी होऊन कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. पुस्तकं काढून द्यायची, परत आलेली जागेवर लावायची, नोटीस बोर्डावर कागद टाचायचे, साहेब लोकांना चहा आणायचा. ही कामं करता करता त्यांनी बाहेरून बी.ए. केलं, मग इंग्रजीत एम.ए., मग प्राध्यापक व्हायला लागते ती सेट परीक्षाही पास झाले. रविवारी बुद्धविहारात पोरांना फुकट इंग्रजी शिकवायचे. आमच्या इंग्रजी विभागातल्या तीन प्राध्यापकांपैकी एकही सेट झालेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. तरी ते तिघं 'सर' आणि हे 'मामा'. आम्हीही मामाच म्हणायचो.

आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं जाळीच्या आत होती. पोरांनी बाहेर उभं राहून चिठ्ठी द्यायची, मामा आतून पुस्तक आणणार. मी निमोण्याची, आमच्या अख्ख्या भावकीत इंग्रजी घेतलेली पहिलीच. तिसऱ्या वर्षाला आयर्लंडमधल्या कथांचा पेपर होता. सगळ्यांसारखं मीही चिठ्ठीवर 'गाईड' लिहिलं. मामांनी चिठ्ठी वाचली आणि मूळ कथांचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

"मामा, गाईड पाहिजे."

"आधी गोष्ट वाच. मग हितं येऊन तुझ्या शब्दांत सांग. मग गाईड ने."

"असा नियम कुठं लिहिलाय?"

"लिहिलेला न्हाई. माझा हाय."

चार दिवस डिक्शनरी मांडीवर घेऊन एक कथा वाचली, आणि कथेत काय, तर काहीच नाही! लहानशा गावातला एक मास्तर भावाला स्टेशनवर सोडायला जातो. भाऊ कायमचा अमेरिकेला चाललाय. गाडी जाते. मास्तर घरी येतो, भावाचे जुने बूट पुसतो, कोनाड्यात ठेवतो. संपली. मी तणतणत जाळीपाशी गेले.

"मामा, ही काय गोष्ट झाली? मास्तर रडला का, चिडला का, कायबी लिहिलेलं न्हाई. शेवटच न्हाई हिला!"

मामांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "तुमच्या घरी मेंढरं हुती न्हवं?"

"हुती. मी पाचवीत असताना आबांनी इकली." आबा म्हणजे माझे आजोबा.

"त्या दिवशी काय बोलले आबा?"

मला आठवलं. आबा काहीच बोलले नव्हते. काठी दाराआड उभी केली आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्याला कडी घालून आले. मी ते सांगितलं.

"मग तुला कळलं का आबांचं काय झालं ते?"

"कळलं."

"कुनी सांगितलं?"

"कुनीच न्हाई."

"मग मास्तरचं बी तसंच. ह्या लेखकांच्या गोष्टीत मोठं कायबी घडत न्हाई. साधं मानूस, रोजचं काम, आन् त्यात एक क्षण असा, की त्याला कळून चुकतं, आपुन हितंच अडकलो. पन लेखक ते बोलून दावत न्हाई. बूट दावतो. जे लिहिलेलं न्हाई, ते तू वाचायचं."

आणि मग त्यांनी गाईड दिलं. त्यात त्या कथेखाली लिहिलं होतं, 'तात्पर्य: बंधुप्रेम.' विभागप्रमुख वर्गात तेच वाचून दाखवायचे, स्वल्पविरामासकट.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, इंग्रजी विभागातली मागासवर्गीयांसाठी राखीव असलेली जागा भरायची जाहिरात निघाली. जागा सहा वर्षं रिकामी होती. शंकररावांनी अर्ज केला. अर्ज करणाऱ्यांत सेट झालेले ते एकटेच होते. ही जागा मिळाली की मामा जाळीच्या बाहेर येणार, वर्गात उभे राहणार, याच्यापलीकडं आम्हाला दुसरा विषय नव्हता. त्यांनी मात्र सांगून ठेवलं होतं, "ऑर्डर हातात पडंस्तवर सर म्हणू नका."

मुलाखतीत दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. ऐकायला म्हणून आम्हा आठ जणांना बाकांवर बसवलं. समोर विभागप्रमुख, संस्थेचे सचिव पोपटराव आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. शंकररावांनी पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी तीच बुटांची कथा घेतली, आधी स्वच्छ इंग्रजीत, मग मराठीत. तज्ज्ञ खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. आमच्यातल्या एकानंही घड्याळ पाहिलं नाही. असा तास मी त्या कॉलेजात त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"ते ठीक आहे शंकर," विभागप्रमुख म्हणाले, "पण तात्पर्य काय?" बाकीच्या उमेदवारांना ते 'मिस्टर' लावत होते.

"तात्पर्य नाही सर. ते वाचणाऱ्यावर सोडलं आहे."

"म्हणजे तुलाही माहीत नाही!" असं म्हणून ते स्वतःच हसले. गाढवाला गुळाची चव काय!

मग पोपटरावांनी घड्याळ पाहिलं. "शंकर, चहा नाही आला अजून. बघ जरा."

शंकररावांनी खडू खाली ठेवला. "आज मी किरकोळ रजेवर हाय, साहेब."

इतका वेळ पुस्तकी बोलणारा माणूस तेवढ्या एका वाक्याला आपल्या बोलीवर आला. पोपटरावांचा चेहरा उतरला. चहा काही आला नाही.

आठ दिवसांनी नोटीस निघाली, 'राखीव जागेसाठी एकही योग्य उमेदवार आढळला नाही.' आणि नोटीस टाचायचं काम कोणाचं? मी ग्रंथालयाकडं येत होते तेव्हा शंकरराव बोर्डापाशी उभे होते. चार कोपऱ्यांना चार टाचण्या, कागद सरळ. त्यांनी मागं वळून पाहिलं.

"वाचलंस?"

"हो."

"आता तुझ्या शब्दांत सांग."

सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण पलीकडंच, स्टाफरूमच्या दारात, विभागप्रमुख उभे होते, आणि माझी टर्म मंजूर करायची सही त्यांच्या हातात होती. मी मान खाली घातली.

"मामा, गाईड पाहिजे," मी म्हणाले.

ते आत गेले आणि गोष्ट न ऐकताच त्यांनी गाईड दिलं. पहिल्यांदाच. आजही मला त्या लोकांचा जितका संताप येतो, तितकाच त्या 'गाईड पाहिजे' म्हणणाऱ्या पोरीचाही येतो.

ती जागा पुढं चार वर्षं तशीच राहिली. तासाच्या हिशोबानं शिकवायला येणाऱ्या पोरांना विभागप्रमुख शंकररावांचीच टिपणं झेरॉक्स करून द्यायचे, वरचं नाव झाकून. चोरी ती चोरी, वर शिरजोरी!

मेळाव्यात प्राचार्यांनी पुकारलं, "आपली माजी विद्यार्थिनी, दौंडच्या शाळेत शिक्षिका असलेली हर्षदा दोन शब्द बोलेल." मी माइकपाशी गेले.

"सात वर्षांपूर्वी शंकररावांनी मला एक नोटीस माझ्या शब्दांत सांगायला सांगितली होती. मी घाबरले. आज सांगते. नोटिशीत होतं, योग्य उमेदवार आढळला नाही. योग्य उमेदवार आला होता. मी समोरच्या बाकावर बसून त्यांचा तास ऐकला. त्यांना भर मुलाखतीत चहा आणायला सांगितलं गेलं, त्यांनी आणला नाही. म्हणून ते आज मामा आहेत, आणि तात्पर्य विचारणारे प्राचार्य!"

कोणीतरी माइक बंद केला. टाळ्या वाजल्या नाहीत. खाली येताना मी शंकररावांच्या खुर्चीपाशी थांबले. त्यांनी शालीची घडी मांडीवर ठेवली होती.

"सर," मी म्हणाले.

"गोष्ट बराबर सांगितलीस, हर्षदा," ते म्हणाले. "पन ती त्या दिवशी पायजे हुती."

मग त्यांनी शाल पिशवीत घातली आणि ग्रंथालयाची किल्ली घेऊन उठले. साडेपाचपर्यंत त्यांची ड्युटी होती.