लकडगंजचे होकार

नागपुरात कोणी तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण धंदा काढला आणि नेमकं तेवढंच विसरलो.

धंदा म्हणजे ॲप. शहरात माल उतरवून रिकामी परतणारी गाडी आणि कळमेश्वरला माल पाठवायला गाडी शोधणारा लकडगंजचा व्यापारी, या दोघांची मोबाइलवर गाठ घालून द्यायची. कॉलेजपासूनचा माझा मित्र ॲप बनवायचा, बडबड माझ्याकडे. त्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. घरचे मागे लागले होते, पण तो म्हणाला, “दिवाळीपर्यंत पाहू गा. खरं गिऱ्हाईक भेटलं तं पुणं गेलं चुलीत.” तो गेला की ॲप गेलं, मग माझ्याकडे उरणार नुसती बडबड.

आधी आम्ही ईमेल पाठवले. इंग्रजीत! लकडगंजच्या व्यापाऱ्यांना! एकानंही उघडला नाही. मग पायी निघालो, आणि काय सांगू, जिथं जावं तिथं पाहुणचार. “कोणत्या गावचे गा तुम्ही?” झालं, गावाकडची ओळख निघायची, तर्री-पोहे यायचे. शेवटी मी विचारायचो, “मग वापरणार ना काका?”

“काहून नाही? करून टाकू ना!”

असा प्रत्येक माणूस आम्ही गिऱ्हाईक धरला. त्या भरवशावर सीताबर्डीत खोली घेतली, टी-शर्ट छापले. मी सीईओ, तो सीटीओ, आणि हाताखाली कोणीच नाही. ॲप सुरू झालं, तर कुत्रंही फिरकलं नाही. फोन केला की, “आज जरा गडबडीत आहो, उद्या पक्कं.” अरे, लग्नाच्या प्रत्येक पत्रिकेला “येतो ना, नक्की येतो” म्हणून घरी लोळत पडणारा माणूस मी! मला कळू नये?

मग एक प्लायवूडवाला भेटला. त्यानं ना गाव विचारलं, ना चहा.

“गाडी रस्त्यात बंद पडली तं माझा माल कोण पोचवून देईन? भिजला तं कोणाले धरू, तुझ्या मोबाइलले? चाल, निघ!”

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन पुन्हा गेलो. तो पुन्हा भांडला. रोज आमची जुंपायची. एका दुपारी भांडता भांडताच त्यानं मोबाइल माझ्यापुढे आपटला. “टाक तुझं ते ॲप. माल वेळेवर नाही पोचला तं पाहून घेईन तुले.”

माल वेळेवर पोचला. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला: ज्याला खरंच वापरायचं असतं तो भांडतो, ज्याला टाळायचं असतं तो पोहे खाऊ घालतो. मी तसाच बर्डीवर धावलो. मित्र टपरीवर बसला होता.

“भेटलं गा खरं गिऱ्हाईक! आता राहतो ना तू?”

“बढिया झालं बावा!” त्यानं टपरीवाल्याला पोहे सांगितले. “राहतो ना गा. काहून नाही राहणार?”

मी त्याचा हात धरला.

“असं नको बोलू,” मी म्हणालो. “भांड माझ्याशी. माझ्या चुका काढ, शिव्या दे, काहीही कर.”

“तुझ्याशी काहून भांडू गा?” तो हसला आणि पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली.