ड्रिल मास्तरांची छत्री

“काठी पाहिजे. पण काठी दिसली नाही पाहिजे,” काकू म्हणाल्या.

नागपुरात बर्डीवर आमचं छत्र्या-काठ्यांचं दुकान आजोबांपासूनचं. फर्माइशी नाना तऱ्हेच्या ऐकल्या, पण ही नवीच. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. काकूंचे यजमान म्हणजे धरमपेठेतले रिटायर्ड ड्रिल मास्तर. गुडघा दगा द्यायला लागला होता. दोनदा पडले, दुसऱ्यांदा तर भर रस्त्यात. काठीचं नाव काढलं की भडकत.

“म्हणतात, ज्या पोट्ट्यांले मी सावधान शिकवलं, त्यांच्यासमोर काठी टेकत जाऊ? आता पडले तर हाडच मोडते, भाऊ.” काकूंचे डोळे भरले.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, हातही शिवशिवले. म्हटलं, “काकू, छत्री देतो.”

साध्या छत्रीचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, वाकतो. म्हणून मी जाड वेताची काठी घेतली. खाली रबरी बूच, वर छत्रीची मूठ. काड्या घातल्याच नाहीत. काळं कापड घड्या घालून गुंडाळलं आणि शिवून टाकलं. माप काकूंनी सुतळीवर आणलं होतं. मास्तर घरात खिडकीशी उभे असताना मागून घेतलेलं, मनगटापासून जमिनीपर्यंत.

“न उघडणारी छत्री? आपल्या दुकानातून?” बाबा गल्ल्यावरून ओरडले. “नाक कापतो काय गा आपलं?”

नागपूरचा मे महिना. मास्तर रोज छत्री टेकत, ताठ मानेनं दुकानावरून जात. घामानं चिंब.

“मास्तर, उघडा ना छत्री!” लोक म्हणत.

“उन्हाले भेतो काय मी?” मास्तर गरजत.

मी तोंडात रुमाल कोंबून हसायचो. बाबा काही हसत नसत.

एक दिवस मास्तर थेट दुकानात शिरले. छत्री काउंटरवर आपटली. बाबा लगबगीनं मागच्या खोलीत पसार!

“काहून गा, हे तूच बनवली?”

“हो, मास्तर.”

“एक बोट आखूड आहे. पाठ वाकते माही. माप चप्पल घालून घ्या लागते, एवढंही कळत नाही?”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी न्हाणीत जाऊन उघडून पाहिली. उघडते कुठं!” त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “मंडळीले सांगू नको. मले फसवलं म्हणून लय खूश आहे बिचारी.”

मी उंच बूच बसवून दिलं. मास्तर पुन्हा पडले नाहीत.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याच्या बायकोला विचारावं. माप मात्र स्वतः घ्यावं.