कोटावरचा रफू

धाकटीला घाबरायला कारण लागत नसे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तिच्यापाठी तर तो लहानपणापासून बिऱ्हाड करूनच होता. पण नाटक कंपनीत लागल्यापासून त्याने रीतसर हजेरी लावायला सुरुवात केली. सकाळी नऊला ती पोहोचायची तेव्हा तो आधीच फाटकापाशी उभा असायचा.

घरात सगळे सुई-दोऱ्यावर जगलेले. थोरली बहीण, म्हणजे ताई, तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर बसवायची. आईने त्याच कारखान्यात वीस वर्षं सुटे धागे कापले आणि डोळे अधू करून घेतले. बाबा रफूगार. इस्त्रीवाल्याच्या दुकानाला लागून जिन्याखाली एक खिडकी होती, त्या खिडकीत ते पस्तीस वर्षं बसले होते. फाटलेलं कापड हातात घेतलं की ते कशाने फाटलं हे बाबा सांगायचे, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल किती खोटं बोलतंय तेही.

धाकटी कारखान्यात बटणं लावायची आणि जेवणाच्या सुट्टीत बेतायच्या कागदाच्या पाठीवर माणसं काढायची. माणसं म्हणजे खरं तर त्यांचे कपडे. चेहरे तिला कधी जमले नाहीत. नाटक कंपनीला वेशभूषेसाठी मदतनीस हवी होती, तेव्हा ताईने ते कागद गोळा करून तिच्या हातात कोंबले आणि तिला जवळजवळ ढकलतच तिथे नेलं. वेशभूषा करणाऱ्या मॅडमनी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "तीन महिने बघू." कारखान्याच्या सुपरवायझरने तिला निरोपाचे दोन शब्द दिले, "परत येऊ नकोस."

कंपनीच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. बाकीच्या मदतनिसांपैकी एकीचे वडील प्राध्यापक, एकाचे चित्रकार. धाकटीने लिहिलं, 'कापड'. खोटं नव्हतं. खरं होतं असंही कुणी म्हणू नये.

तिथे सगळे हसले की ती हसायची, फक्त अर्धा क्षण उशिरा. निम्मे शब्द डोक्यावरून जायचे. विचारायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी स्वतःला बजावलं. विचारलं की उघडं पडणार, उघडं पडलं की घरी जाणार, आणि घरी गेलं तर कारखान्याचं दारही बंद. म्हणून ती मान डोलवायची. नऊ दिवसांत तिने इतकी मान डोलवली की रात्री मानेला शेक द्यावा लागायचा.

दहाव्या दिवशी, शनिवारी, मॅडमनी तिच्या हातात नायकाचा काळा लोकरी कोट दिला. "अस्तर सुटलंय खालून. घरी ने, सोमवारी रंगीत तालमीला आण."

कोट घरी आला. अस्तर शिवायला अर्धा तासही लागला नाही. पण उजव्या खांद्याखाली काटकोनात चांगली चार बोटं फाट होती. मॅडम त्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. धाकटीच्या मनात आलं, विसरल्या असतील. मग मनात आलं, विसरल्या नसतील, बघताहेत. हिला दिसतं की नाही, सांगावं लागतं की नाही. एक फोन केला असता तर काम भागलं असतं. पण फोन करणं म्हणजे विचारणं.

आणि या घराचा एक नियम होता. दारातून फाटकं कापड आत येईल, बाहेर जाणार नाही. एकदा शेजारणीने नुसतं मापाला म्हणून दिलेलं झबलंसुद्धा बाबांनी रफू करून परत केलं होतं, आणि ती बाई त्यावरून दोन महिने रुसली होती.

काळं कापड दिव्याखाली धरायचं नाही, म्हणून धाकटी रविवारी उजाडताच खिडकीशी बसली. कोटाच्याच आतल्या शिवणीतून तिने धागे ओढून काढले, कारण रफूला परका धागा चालत नाही. फाटीच्या कडा कापल्या नाहीत. "कडेचे धागे कापडाचे असतात, आपले नाहीत," हे बाबांचं वाक्य तिने उठता-बसता ऐकलेलं. एक उभा, एक आडवा, एक उभा, एक आडवा. त्या पाच तासांत, खरं सांगायचं तर, तिला भीती वाटली नाही. नंतर तिला या गोष्टीचाच जास्त राग आला.

दुपारी तिने कोट बाबांपुढे धरला. या घरात परीक्षेची एकच पद्धत होती. बाबांनी डोळे मिटले आणि अंगठा खांद्यावरून खाली फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे उघडून कोट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"कुठंय?" बाबा म्हणाले.

आजवर बाबांना तिचा रफू सापडला नाही असं कधी झालं नव्हतं. ताईने आतून विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "काही नाही, चहा टाक." पण त्यांनी कोट लगेच परत दिला नाही. थोडा वेळ मांडीवर तसाच ठेवला.

सोमवारी धाकटीने कोट कपडेपटातल्या खुंटीवर अडकवला आणि मागे जाऊन उभी राहिली. कोणीतरी बघेल, कोणीतरी म्हणेल, वा. मनातल्या मनात तिने उत्तरही तयार ठेवलं होतं, "त्यात काय एवढं."

रंगीत तालीम सुरू झाली. दुसऱ्या अंकात नायक बारा वर्षांनी घरी येतो. दारात उभा राहतो. त्याची म्हातारी आई चेहऱ्यावरून त्याला ओळखत नाही. ती जवळ येते, खांद्याखालच्या जुन्या फाटीला हात लावते आणि म्हणते, "अजून शिवला नाहीस?" त्या एका वाक्यावर अख्खं नाटक उभं होतं.

म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी हात पुढे केला आणि तो कोटावर तसाच राहिला. "फाट कुठे गेली?" त्या म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात असा की जन्मात पहिल्यांदा बाबांना न सापडलेला.

मॅडम रंगमंचावर चढल्या. तीन दिवस खपून त्यांनी ती फाट केली होती; आधी पातं, मग खिळा, मग विटेने घासून. त्यांनी खांदा पाहिला, बोटांनी चाचपला, कापड ताणून पाहिलं. "हा तो कोटच नाही," त्या म्हणाल्या. "काका!"

काका म्हणजे कपडेपट सांभाळणारे. साठी कधीच ओलांडलेले, चष्म्याला मागून नाडी. मागच्या वर्षी मुद्दाम मळवलेली एक शाल त्यांनी निकामी समजून भंगारवाल्याला देऊन टाकली होती. ते प्रकरण अजून कुणी विसरलं नव्हतं.

"फाटका टाकून दिलात ना? आणि पेटीतला दुसरा काढून लावलात?" दिग्दर्शक खालून ओरडला. "परवा पहिला प्रयोग आहे काका. तुम्ही आता घरी बसा बघू."

"मी नाही हो टाकला," काका म्हणाले, आणि पेट्या उघडायला लागले. गुडघे टेकून एकेक कपडा बाहेर काढत राहिले.

धाकटी पडद्याआड उभी होती. तिचे तळहात इतके ओले होते की पडद्यावर डाग पडला. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. तिने ते काम तितकं चांगलं केलं होतं. तिने हिशेबही मांडला, ते नाकारता येणार नाही. काका म्हातारे, आज ना उद्या जाणारच. आपण नव्या, आपल्यापुढे सगळं पडलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती आणि चोर पडद्याआड उभं राहून पाहत होता.

काका तिसऱ्या पेटीशी थांबले. दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाले, "टाकला असेल माझ्याच हातून. हल्ली लक्षात राहत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आता खरंच तसं वाटायला लागलं होतं. ते मात्र धाकटीला बघवेना.

"मी शिवला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की दोनदा सांगावं लागलं. "फाट मी शिवली. हा तोच कोट आहे."

मॅडमनी कोट तिच्यापुढे धरला. "कुठे?"

"इथे."

"इथे काही नाही."

"मॅडम, आहे."

"काकांना वाचवायला सांगत असशील तर नको. इथे काहीही नाही."

आता आली का पंचाईत. गुन्हा कबूल केला तर कुणी मानेना. धाकटीने गळ्यातली सुई काढली. बाबांची सवय, सुई नेहमी गळपट्टीत टोचलेली. ती रंगमंचावरच मांडी घालून बसली, कोट उलटा केला, खांद्याजवळचं अस्तर उसवलं आणि आतल्या बाजूने पहिल्या धाग्याचं टोक वर उचललं. सगळी मंडळी भोवती गोळा झाली. तिला भीती वाटत होतीच. हात तेवढे शांत होते. एक आडवा काढला, एक उभा काढला. पाच तासांचं काम तासाभरात सुटलं, आणि काटकोनातली फाट जशीच्या तशी, तिच्या पिंजलेल्या कडांसकट, परत आली.

काका चष्मा वर करून वाकून बघत होते.

मॅडमनी विचारलं, "फॉर्मवर काय लिहिलं होतंस? कापड?"

"रफूगार आहेत," धाकटी म्हणाली. "इस्त्रीच्या दुकानाशेजारी बसतात."

"मला आधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर मला काही कळत नाही, हे कळलं असतं तुम्हाला."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तीन महिने दिलेत. अकरा आठवडे उरलेत. आणि काकांची माफी माग. मीही मागते."

जाताना त्यांनी तिला परवाच्या प्रयोगाचे दोन पास दिले, तिसऱ्या रांगेतले. "वडिलांना आण," म्हणाल्या. ही शिक्षा होती की बक्षीस, हे धाकटीला घरी पोहोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

बाबा खिडकीतच होते, दिवसाचं शेवटचं कापड हातात. तिला पाहून त्यांनी मान वर केली. दिवसभर त्यांच्या मनात एकच प्रश्न असणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"सापडला का कुणाला?"

"नाही," धाकटी म्हणाली. "कुणालाच नाही."

बाबांनी पलीकडे इस्त्रीवाल्याकडे बघून नुसती एक भुवई उडवली. तो बिचारा सकाळपासून त्या रफूचं कौतुक ऐकत असावा. त्याने लगेच हात जोडले. इथेच थांबता आलं असतं. पण पास तिच्या मुठीत होते. तिसऱ्या रांगेतून बाबांना फाट दिसणार होती. त्यांना ती दहाव्या रांगेतूनही दिसली असती. पडद्याआड वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती कदाचित. बाबा तिच्या हातचं काम असं मांडीवर ठेवून पुन्हा बसले नाहीत तर ती काय करणार होती?

तिने पास खिडकीत ठेवले. "बाबा, ती फाट मुद्दामची होती. नाटकात लागते. मी रफू उसवला. सगळ्यांसमोर."

बाबांची सुई थांबली. ते कापडाकडेच बघत राहिले. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. धाकटी काही न विचारता उभी राहिली, कंपनीत नऊ दिवस उभी होती तशी.

"काढताना तुटला का कुठे धागा?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही."

बाबांनी पास उचलले, आणि चष्म्याच्या डबीत घडी पडणार नाही असे नीट ठेवले.