आबांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

आमच्या एमआरआयच्या खोलीत धातूचं काहीही नेता येत नाही. घड्याळ, चाव्या, करदोडा, सगळं बाहेर. किस्से मात्र तिथूनच निघतात. खामगावात मी टेक्निशियन म्हणून लागल्यापासून इतके साठलेत की चहा संपतो, ते संपत नाहीत.

मेंदूच्या प्रोजेक्टचंच घ्या. अल्झायमरमध्ये मेंदू कुठे कुठे आक्रसतो ते बघायला आमच्या डॉक्टर मॅडमना विसराळू झालेली माणसं हवी होती, आणि तुलनेला ठणठणीत म्हातारे. वर्षभराने त्याच माणसांचा दुसरा स्कॅन. दुसरा झाला नाही तर पहिला वाया.

फोटो निघणार म्हटल्यावर पिंपळगाव राजाहून गाडीभर मंडळी आली, ती दाढ्या करून, इस्त्रीचे कपडे घालून. नामदेवकाकांची तर टोपीही नवी. मी म्हटलं, "काका, फोटो डोक्याच्या आतला आहे."

"म्हणून का बाहेरून तसंच यावं?"

याच काकांनी मेंदूची प्रिंट फ्रेम करून बैठकीत लावली. पाहुण्यांना सांगायचे, "पाहून घ्या, आतून असा हाय मी." काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बाहेरच्यापेक्षा बरा दिसते."

अनसूयाबाई तेव्हा नुकत्या विसरायला लागल्या होत्या. कानातलं दिलं, पण मंगळसूत्राला हात लावू देईनात. "मालक जित्ता असताना काऊन काढू?" शेवटी त्यांचे यजमान, भगवानआबा, पुढे झाले. मंगळसूत्र काढून सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं! "मी इथंच बसून राह्यलो. तू जाय आत." बाहेरचे पेशंट हसत होते, आबा ताठ बसले होते. बाई बाहेर आल्या, त्या थेट आबांचा गळा बघायला.

पुढच्या वर्षी पुण्याच्या मीटिंगमध्ये कुणीतरी मॅडमना विचारलं, "खेड्यातले लोक दुसऱ्यांदा येतात का हो?" आमचे आले! नामदेवकाका सोयाबीनची सोंगणी सोडून आले. "शब्द देल्ला होता," म्हणाले. मॅडमनी हे तिथे आमच्याच बोलीत सांगितलं. मला फार अभिमान वाटला.

राहिल्या होत्या फक्त अनसूयाबाई. त्या आल्या तेव्हा आबांनाही ओळखत नव्हत्या. सून म्हणाली, "घरात कोणाले गळ्याले हात लावू देत नाहीत." मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, जबरदस्ती नको."

आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. हळूच म्हणाले, "दोन्ही फोटो झाले असते, तं कोणाच्या तरी कामी आले असते."

बाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग स्वतःच मंगळसूत्र काढलं. सुनेने हात पुढे केला, तिला दिलं नाही. मलाही नाही. कोपऱ्यात गेल्या आणि आबांच्या गळ्यात घातलं.

"बाबाजी, मी बाहेर येईपर्यंत सांभाळजा. माह्या मालकाच्या नावाचं हाय."