मेहुणीचं 'बहुधा'

जगात 'बहुधा' हा शब्द नसता, तर माझी मेहुणी जन्मभर मुकी राहिली असती. वेलिंग्टनला आमच्याकडे राहून तिने पीएचडी केली. शीतगृहातलं कुठलं किवीफळ आधी मऊ पडणार, हे न कापता, नुसता प्रकाश टाकून ओळखायचं, हा तिचा विषय. चार वर्षांच्या या तपश्चर्येत तिच्या तोंडचे होकार-नकार दोन्ही गेले. चहात साखर घातलीस का विचारलं, तर म्हणे, "बहुधा. ढवळून सांगते." बाहेर लोकांच्या छत्र्या उलट्या होत असताना ही खिडकीशी उभी राहून "वारा असावा" म्हणायची. मात्र "सहाला येशील ना?" याला "बहुधा" म्हणाली, की सहाच्या ठोक्याला दारात हजर.

पदवी हातात पडली आणि घरातलं हसणं-खिदळणं थांबलं. व्हिसा संपायला तीन महिने, नोकरीचा पत्ता नाही. मी सरकारी खात्यात आयटीत, म्हणजे सल्ले द्यायला मोकळाच. "संध्याकाळचा बिझनेसचा कोर्स कर," म्हणालो. ती अशी भडकली! "जिजाजी, चार वर्षं मोजून-मापून बोलायला शिकले. आता दहा आठवड्यांत फेकाफेक शिकू?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी गुपचूप फॉर्म भरून आली. कोर्सच्या बाईंचा नियम एकच: गिऱ्हाइकाने विचारलं, की पहिला शब्द हो किंवा नाही. आरशासमोर सराव चाले. "येस" म्हणताना तिचा चेहरा खोटी साक्ष देणाऱ्यासारखा व्हायचा.

व्हिसाचे अठरा दिवस उरले असताना टौरंगाच्या एका पॅकहाउसने, म्हणजे फळं निवडून पेट्या भरणाऱ्यांनी, तिला बोलावलं. गाडी मीच चालवली. सात तासांत ती सात वाक्यं बोलली नसेल. मीटिंगमध्ये मला मागच्या खुर्चीत बसू दिलं. आणि आमच्या बाईसाहेबांनी पहिल्याच स्लाइडवर आपल्या पद्धतीतल्या उणिवा मांडल्या! आधी उणिवा सांगणं हा संशोधकांमधला शिष्टाचार. मालक मंडळींना वाटलं, ही आपला माल परत न्यायलाच आलीय. एकाने घड्याळ बघितलं. गमबूट घातलेला म्हातारा मालक म्हणाला, "लव्ह, डझ इट वर्क ऑर नॉट?"

'प्रॉबेब्ली'च्या 'प'साठी तिचे ओठ मिटलेले मला स्पष्ट दिसले.

"येस," ती म्हणाली. "इट वर्क्स. जिथे चुकेल, तिथे मी स्वतः उभी राहून हाताने फळं निवडीन," असं तिने त्याला इंग्रजीत बजावलं.

"स्वीट ॲज," म्हातारा म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास, ठरलं!' परतीच्या वाटेवर ती पहिला तासभर नुसती रडली, आणि मीही थोडा.

तर कोर्सचा वाद मी जिंकलो. आता ती टौरंगाला मोठी साहेबीण आहे, फोनवर फटाफट हो-नाही सांगते. गेल्या दिवाळीला बायकोने विचारलं, "येतेस ना गं?"

"येस, ताई! शंभर टक्के!"

ऐनवेळी कुणा गिऱ्हाइकाची मीटिंग निघाली. करंज्यांचा डबा तसाच राहिला, आणि सहा वाजून गेले तरी मी आपला दाराकडे बघत होतो. 'बहुधा' म्हणाली असती, तर नक्की आली असती.