हौसाआत्याच्या ताटातला घास

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी हसून विषय बदलणारी. मी नर्स आहे. नव्वदी-शंभरीतली माणसं कशानं जातात ते रोज बघते... न्यूमोनिया, हृदय, एखादं साधं पडणं. त्यात गूढ काही नसतं. पण हे मात्र डोक्यातून जात नाहीये.

गेल्या हिवाळ्यात मेढ्याला माहेरी गेले होते. माझ्या आजोबांची थोरली बहीण तिथेच असते. तिला आम्ही सगळेच हौसाआत्या म्हणतो. वय एकशे एक. गिळताना सारखा ठसका लागायचा, म्हणून पातळ पेज भरवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं – एखादा घास श्वासनळीत गेला तर संपलंच.

त्या सकाळी ती अंगणात उन्हाला बसली होती आणि एक कावळा तिच्या डोक्याला शिवून गेला. आई पांढरीफटक! आमच्याकडे असं झालं की ते माणूस गेल्याचा खोटा निरोप धाडतात. जवळचं कुणी रडलं की अरिष्ट टळतं. खरं मग सांगायचं.

"तात्यास्नी फोन लाव. तू नर्स हायस, तुझं खरं वाटंल," आई म्हणाली.

तात्या म्हणजे माझे आजोबा. सत्त्याण्णव वर्षांचे, जुने फौजी, विश्रामबागला काकाकडे राहणारे. अजून स्वतःच्या दातांनी भाकरी खायचे! आईचं मन मोडवेना. वैतागतच फोन केला.

"तात्या, आत्या गेली."

"कशानं?"

हे ठरवलंच नव्हतं... मनात जी भीती होती, तीच तोंडातून निघाली. "घास अडकला."

तात्या रडले नाहीत. म्हणाले, "कावळा शिवला व्हय गं? असू दे. तिचं मी घेतो." मला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाचा फोन आला. जेवताना तात्यांना घास अडकला होता... दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले.

त्या वयात असं होऊ शकतं, हे मलाही कळतं. पण त्याच दिवसापासून आत्याचा ठसका बंद झाला, तो कसा? आणि मी दुसरं काही बोलले असते तर...? हा विचार मला झोपू देत नाही.

तात्या गेल्याचं आत्याला सांगायचा धीर कुणालाच झालेला नाही. परवा मी पुन्हा मेढ्याला गेले, तर तिनं चक्क भाकरी मागितली. आम्ही जीव मुठीत धरून बघत बसलो. सावकाश चावून खाल्ली, शेवटचा तुकडा मात्र ताटाच्या कडेला सारला.

"खा की आत्या," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. तात्याला लागतोय. ल्हानपणापास्नं माझ्याच ताटातला घास उचलतोय त्यो."